शेगडी एक, रेग्युलेटरही एकच

जयपुरात थंडी पडली की घरात कुणाचं मन रमत नाही. सुट्टीच्या दिवशी घरच्यांनी, आळीतल्यांनी शहराबाहेर जायचं, मोकळ्या जागेत दाल-बाटी-चुरम्याचा स्वयंपाक करायचा आणि तिथेच पंगत मांडायची. इथले लोक याला ‘गोठ’ म्हणतात. आपल्या हुरडा पार्टीची आणि रायगडातल्या पोपटीची ही मावसबहीणच. दिल्ली रस्त्याच्या बाजूला खोले के हनुमानजींच्या परिसरात गेलात तर बाट्यांचा धूर आणि तुपाचा वास यांनीच तुमचं स्वागत होतं.

अलीकडे या गोठीला एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. कॅराव्हॅन म्हणा, मोटरहोम म्हणा, अमेरिकेतली आपली भाचरं ‘आरव्ही’ म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि असल्या गाड्यांच्या मंजुरीसाठी देशात ‘एआयएस १२४’ हे वेगळं मानक आहे. म्हणजे हा आता निव्वळ हौशी लोकांचा उद्योग राहिलेला नाही. गाडी आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाडीत गॅस आहेच, मग बाहेर मांडलेल्या ग्रिलला तोच जोडता येईल का? वेगळा सिलिंडर कशाला वाहायचा?

उत्तर ‘हो’ आहे. पण त्या ‘हो’ला एक अट आहे, आणि ती नळीच्या तोंडाची नाही. बहुतेक लोक तोंड जुळतंय का तेच बघतात. बाजारात सगळी तोंडं जुळवून मिळतात; पाहिजे तो अडॅप्टर मिळतो. जुळायला हवा तो दाब, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर घ्या. आत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्यावर वाफेचा दाब असतो. उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी. ढोबळ मानाने दर चौरस सेंटीमीटरला ५ ते ७ किलो धरा. मोटारीच्या टायरमध्ये आपण सव्वादोन किलोच्या आसपास हवा भरतो, त्याच्या दोन-तीन पट. आणि शेगडीच्या नळीत किती? ३० ग्रॅम. किलो नाही, ग्रॅम! फूटभर उंच पाण्याच्या तळाशी जेवढा दाब असतो तेवढाच. नातवाचा फुगा फुगवताना तुम्ही याहून जास्त जोर लावता. पाच-सात किलोचे तीस ग्रॅम करणारा तो छोटा डबा म्हणजे रेग्युलेटर. त्याच्या पोटात एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग असते. पलीकडचा दाब ठरल्यापेक्षा वाढला की पडदा उचलला जातो आणि वाट बंद होते. दाब कमी झाला की वाट उघडते. दिवसभर तो हेच करत बसलेला असतो, आणि आपण त्याला नुसतं चालू-बंद करायचं बटण समजतो.

आता गाडीकडे या. अमेरिका-कॅनडात मागे ओढायच्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर प्रोपेनचे एक किंवा दोन सिलिंडर बसवलेले असतात. त्यांच्या शेजारीच रेग्युलेटर असतो. तिथे दाब उतरवला जातो आणि मग जमिनीखालून गेलेल्या धातूच्या पाइपातून आतल्या शेगडीला, फ्रिजला, हीटरला गॅस मिळतो. या पाइपातला दाब ११ इंच पाण्याच्या उंचीइतका. सेंटीमीटरमध्ये मोजला तर २८, म्हणजे आपल्या ३० ग्रॅमला अगदी खेटून. गंमत बघा, सातासमुद्रापलीकडचा ट्रेलर आणि सांगलीतलं स्वयंपाकघर, दोन्हीकडे शेगडीला लागणारा दाब जवळपास एकच. युरोपातल्या आजच्या कॅराव्हॅनही ३० मिलिबारवर चालतात, म्हणजे पुन्हा तेवढंच. बऱ्याच ट्रेलरना बाहेरच्या बाजूला एक तोंड दिलेलं असतं: टक्कन बसणारं, शेजारी बंद करायची चावी असलेलं. ग्रिलसाठीच ते ठेवलेलं असतं.

मग अडतं कुठे? तिथे मिळणारे हातात उचलून न्यायचे ग्रिल हे सहसा एक पौंडाच्या, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या छोट्या बाटलीवर चालायला बनवलेले असतात. बाटलीत पूर्ण दाब असतो, म्हणून ग्रिलच्या अंगावरच एक रेग्युलेटर बसवलेला असतो. असा ग्रिल तुम्ही ट्रेलरच्या बाहेरच्या तोंडाला जोडला, की गॅसच्या वाटेवर दोन रेग्युलेटर येतात. पहिल्याने दाब आधीच पार खाली आणलेला. दुसऱ्याला काम करायला मुळात वरचा दाब हवा असतो, तो मिळतच नाही. परिणाम काय, तर ज्योत निळसर, बारीक, उदबत्तीसारखी. कणीस अर्धा तास ठेवलं तरी कोमटच. लोक म्हणतात ग्रिल बिघडला. ग्रिल बिचारा ठणठणीत असतो.

इथपर्यंत नुसती गैरसोय आहे. धोका सुरू होतो तो इथून पुढच्या जुगाडात.

पहिला जुगाड म्हणजे ग्रिलवरचा रेग्युलेटर काढून टाकणं. काही ग्रिलच्या बाबतीत हे बरोबरही असतं! ज्या ग्रिलचा स्वतःचा रेग्युलेटर दाब ११ इंचांवरच आणतो, त्याचा बर्नर मुळातच कमी दाबासाठी बनलेला असतो. त्याच्या कंपनीनेच दिलेला किंवा त्या मॉडेलसाठी सांगितलेला जोड वापरून तो ट्रेलरच्या लाइनवर छान चालतो. पण सगळे ग्रिल तसे नसतात. काहींचा रेग्युलेटर दाब थोडाच कमी करतो, कारण त्यांचा बर्नर जास्त दाबावर चालणारा असतो आणि त्याचं जेट, म्हणजे गॅस बाहेर पडायचं सुईएवढं भोक, त्या मानाने बारीक ठेवलेलं असतं. असा ग्रिल कमी दाबावर कधीच नीट पेटणार नाही, रेग्युलेटर ठेवा नाहीतर काढा. ओळखायचं कसं? ग्रिलच्या अंगावर किंवा रेग्युलेटरवर एक पट्टी असते. तिच्यावर ११ इंच ‘डब्ल्यूसी’ असा आकडा दिसला तर तो कमी दाबाचा. ‘पीएसआय’मध्ये एकापेक्षा मोठा आकडा दिसला तर त्याला ट्रेलरच्या लाइनला लावायच्या फंदात पडू नका; ११ इंच म्हणजे जेमतेम ०.४ पीएसआय. पट्टी पुसलेली असेल, माहितीपुस्तिका हरवलेली असेल, तर तो ग्रिल त्याच्या स्वतःच्या बाटलीवरच चालवा.

दुसरा जुगाड जास्त वाईट: जेटचं भोक सुईने किंवा ड्रिलने मोठं करणं. आज ज्योत वाढली म्हणून तुम्ही खूश. पण तोच ग्रिल पुढच्या सहलीत कुणी मूळच्या दाबावर जोडला, तर ज्योत बर्नरमधून नाही, भडक्यातून निघेल. रेग्युलेटर काढलेल्या ग्रिलचंही तेच. तुम्हाला ठाऊक असतं की याला रेग्युलेटर नाही. पण तुमच्या मेव्हण्याला ठाऊक नसतं, आणि ग्रिल नेहमी मेव्हणाच मागून नेतो. म्हणून बदल केलेल्या ग्रिलला एक चिठ्ठी पक्की बांधून ठेवा: ‘रेग्युलेटर काढलेला आहे, सिलिंडरला थेट जोडू नये.’ दोन रुपयांचं काम आहे.

सिलिंडरपासून ज्योतीपर्यंतच्या वाटेवर दाब उतरवण्याचं काम एकदाच, आणि बर्नरला हवं तितकंच झालं पाहिजे. दोनदा झालं तर उपाशी राहाल, एकदाही झालं नाही तर काय होईल ते लिहिण्याचीही इच्छा नाही.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. आपल्या देशात भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये गॅस असेलच असं नाही, काही इंडक्शनवरही भागवतात. गॅस असेल तर आधी मालकाला विचारा, बाहेर ग्रिलसाठी वेगळं तोंड आणि वेगळी चावी दिली आहे का. दिली असेल तर उत्तम. नसेल, तर आतल्या शेगडीची रबरी नळी कापून मध्ये ‘टी’ घालून फाटा काढायचा विचारही करू नका. असे फाटे ढाब्यांवर आणि मांडववाल्यांकडे सर्रास दिसतात. पण हलणाऱ्या गाडीत प्रत्येक खड्डा त्या सांध्याला धक्का देतो, आणि जयपूर असो की जत, खड्ड्यांची टंचाई कुठेच नाही.

इथे मिळणारे साधे गॅस बार्बेक्यू बहुधा घरच्या शेगडीसारखेच कमी दाबावर चालतात, तरी खोक्यावरचं वाचून घ्या. पण घरगुती मंडळी आणि मोठी पंगत यांत फरक आहे. लग्नाच्या आचाऱ्याची, वारीतल्या दिंडीबरोबर ट्रकमधून जाणारी ती घोंघावणारी भट्टी आठवा. ती जास्त दाबाची. तिचा रेग्युलेटर वेगळा असतो, फिरवून कमीजास्त करायचा. तो रेग्युलेटर घरच्या शेगडीला किंवा पिकनिकच्या ग्रिलला लावायचा नसतो. दिसायला दोन्ही नळ्या सारख्याच, आणि एकत्र सहलीला निघालेल्या तीन कुटुंबांच्या सामानात त्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. आचाऱ्याचं सामान आणि घरचं सामान वेगळ्या पोत्यांत ठेवा.

आणखी एक गोष्ट पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी मुद्दाम. तुमच्याकडे पाइपने गॅस येत असेल तर तुमच्या शेगडीची जेट्स बदललेली असतात, आठवतंय? जोडणी करणारा माणूस आला होता आणि दहा मिनिटं काहीतरी खटपट करून गेला होता. पाइपातला नैसर्गिक वायू हलका आणि त्याच मापात कमी उष्णता देणारा, म्हणून त्याला मोठं भोक लागतं. तीच शेगडी ‘प्रवासाला होईल’ म्हणून गाडीत टाकलीत आणि सिलिंडरला जोडलीत, तर मोठ्या भोकातून ताकदीचा गॅस बाहेर पडणार. उंच, पिवळी, काजळी धरणारी ज्योत. घरी वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईलाही ती फसवेल, कारण शेगडी तीच, बटणं तीच. पाइपगॅसवाली शेगडी घरीच राहू द्या.

नळीबद्दल फार लिहीत नाही, कारण हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. पण तपासायला कुणी वाकत नाही. आयएसआय शिक्का असलेली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्या. तिच्यावर छापलेली तारीख बघा. पाच वर्षं झाली की ती बदलायची, वरून कितीही नवी दिसो. दोन नळ्या जोडून लांबी वाढवायची नाही. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो, उदाहरणार्थ ‘सी-२८’. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने. ‘सी-२८’ म्हणजे २०२८च्या सप्टेंबरपर्यंत त्या टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी घेऊ नका, सरळ परत करा. मुलांना हे अक्षर शोधायला सांगा. एकदा शिकली की दर सिलिंडरला तीच तुमच्या आधी वाचतात.

जोडणी झाली की फेसाची परीक्षा घ्या. ग्रिलची बटणं बंद, सिलिंडर चालू, आणि साबणाच्या दाट पाण्याचा फेस प्रत्येक सांध्यावर. बुडबुडे फुगले तर बंद करा, वायसर तपासा, पुन्हा बसवा. काडी ओढून गळती बघणारे महाभाग अजूनही आहेत. त्यांना चहा द्या आणि लांब बसवा.

आता त्या गोष्टीकडे येतो जी जयपूरकरांना सांगावी लागत नाही. २० डिसेंबर २०२४च्या पहाटे शहराजवळ भांकरोट्यात, जयपूर-अजमेर महामार्गावर, वळण घेणाऱ्या एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली. टँकरचं तोंड तुटलं. गॅस आधी रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. तीसहून जास्त वाहनं जळाली, त्यांत प्रवाशांनी भरलेली एक स्लीपर बसही होती. दीड डझनाहून जास्त माणसं गेली. टँकर आणि पिकनिकचा सिलिंडर यांची तुलना नाही, पण आतला पदार्थ एकच आहे आणि त्याचा स्वभावही एकच. तो हवेपेक्षा जड आहे, प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. सुटला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा उतार शोधतो. खड्ड्यात, गाडीच्या तळाशी, गटारात, तंबूच्या सतरंजीवर साचून राहतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळपास गेलं तरी ठिणगी पुरते. आणि एक लिटर द्रव सुटला की त्याचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. नुसत्या ‘थोड्याशा गळती’ने किती जागा भरेल याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणूनच चांगल्या कॅराव्हॅनमध्ये सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा आणि आतल्या खोलीपासून बंद असतो. त्याच्या तळाला भोकं असतात, वरच्या बाजूला नव्हे, तळाला. गळलेला गॅस खाली जमिनीवर पडून निघून जावा, यासाठी. गाडी भाड्याने घेताना खाली वाकून ती भोकं बघा. कुणीतरी ‘धूळ येते’ म्हणून त्यांत चिंध्या कोंबलेल्या असणं अजिबात अशक्य नाही. ग्रिल मांडायचा तो गाडीपासून चांगला लांब, तीन मीटर तरी, वारा गाडीकडून ग्रिलकडे वाहतोय अशा बाजूला, आणि शक्यतो सिलिंडरपेक्षा खालच्या उताराला नाही. चांदवा, छत, ताडपत्री यांच्याखाली नाही. पोरांच्या धावण्याच्या वाटेवर नळी आडवी नाही. गॅसचा तो कुजकट वास मुद्दाम मिसळलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. वास आला तर आधी सिलिंडर बंद, मग माणसं बाजूला. गाडीचं इंजिन चालू करून ‘जरा पुढे घेऊया’ असं करू नका, तीच ठिणगी. दिव्याची बटणंही दाबू नका. देशभर १९०६ हा गळतीसाठीचा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि लावताना गळतीपासून दूर जाऊन लावा.

आपण मराठी माणसं घरचं जेवण सोबत घेऊन फिरणारी. काशी असो की कन्याकुमारी, यात्रा कंपनीचा आचारी बरोबर हवाच, आणि सातव्या दिवशी पिठलं-भाकरी मिळाली नाही तर ताजमहालही फिका वाटतो. यात वाईट काहीच नाही. पण २६ ऑगस्ट २०२३ला मदुराईत काय घडलं ते प्रत्येक यात्रेकरूने लक्षात ठेवावं. लखनऊहून यात्रेला निघालेल्या मंडळींचा खास आरक्षित डबा मदुराई स्थानकाजवळ उभा करून ठेवला होता. कुणीतरी लपवून सिलिंडर आत नेला होता. पहाटे सव्वापाचच्या सुमारास डब्यात गॅस पेटवला गेला आणि आग लागली. नऊ माणसं गेली. डबा उभा होता, सकाळच्या चहाची वेळ होती, ‘एवढ्याने काय होतंय’ असंच सगळ्यांना वाटलं असणार. रेल्वेत गॅसचा सिलिंडर न्यायला बंदी आहे. रेल्वे कायद्यानुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सामानामुळे झालेलं नुकसानही भरून द्यावं लागतं. तेव्हा मुंबईहून जयपूरला गाडीने येणार असाल तर सिलिंडर घरी ठेवा. इथे पोचल्यावर पाच किलोचा मिळतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

त्याआधी थंडीचा मुद्दा. जयपुरात जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जवळपास पोचला की वाफ व्हायला कुरकुर करतो. त्यामुळे पहाटे अर्ध्या रिकाम्या सिलिंडरवर ज्योत मंद होते. स्पिती-लडाखला गेलात तर ही अडचण फार जाणवते. अमेरिकेतल्या ट्रेलरमध्ये जवळपास शुद्ध प्रोपेन असल्यामुळे तिथे बर्फातही चहा होतो. ज्योत मंद झाली की इथले लोक सिलिंडर आडवा करतात, हलवतात, नाहीतर गरम पाण्यात ठेवतात. आडवा मुळीच करू नका. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि पलीकडे भडका निघतो. उन्हात ठेवून थोडी वाट बघा; राजस्थानात सकाळी नऊनंतर उन्हाची कमतरता नसते.

आणि थंडी वाजते म्हणून तो ग्रिल गाडीत, तंबूत आणायचा नाही. पेटलेला तर नाहीच, कोळशाचा असेल तर विझत आलेलाही नाही. बंद जागेत जळणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आधी झोपच येते. सगळे थकून दुलईत शिरलेले असताना झोप येण्याचं कुणाला नवल वाटणार? उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात. गाडीची खोली तर घरातल्या खोलीहून कितीतरी लहान.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग जोडायचा तरी की नाही? माझं मत विचाराल तर असं. परदेशात, बाहेरचं तोंड दिलेला ट्रेलर आणि त्याला जुळणारा कमी दाबाचा ग्रिल असेल, तर खुशाल जोडा. तीच सर्वांत सोयीची रीत आहे. आपल्याकडे मात्र गाडीच्या गॅसला हात न लावता ग्रिलसाठी वेगळा पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यावा. ओळखपत्र दाखवून तो गॅस एजन्सीत, बऱ्याच पेट्रोल पंपांवरही मिळतो; इंडियन ऑइलने आपल्याला २०२०च्या डिसेंबरात ‘छोटू’ असं नावही दिलं आहे. रेग्युलेटर त्याच टाकीच्या व्हॉल्व्हला बसणारा, तिथूनच मागून घ्या. घरचा अनुदानाचा सिलिंडर उचलून गाडीत टाकण्यापेक्षा हे सरळ. आणि गाडीतल्या फ्रिज-शेगडीचा गॅस पंगतीत संपला, असंही होत नाही.

पाच किलो पुरतो किती, हाही प्रश्न येतोच. दोन बर्नरचा मध्यम ग्रिल पूर्ण पेटवला तर तासाला पाव ते एक तृतीयांश किलो गॅस खातो. म्हणजे पंधरा-वीस तास. चार दिवसांच्या सहलीला भरपूर, त्यात रोज संध्याकाळी भरताची वांगी भाजून झाली तरी.

बाटी ग्रिलवर होते का, असं विचाराल तर होते, आणि चांगली होते, गोवरीवरच्या बाटीचा तो धुरकट वास सोडला तर. झाकणाचा ग्रिल हवा. दोन्ही बर्नर लावून दहा मिनिटं तापवा, मग एक बंद करा आणि बंद बर्नरच्या बाजूला बाट्या मांडा; ज्योत थेट खाली नको. पेटवताना झाकण नेहमी उघडं, मगच बंद करायचं, नाहीतर आत साचलेला गॅस एकदम पेटतो. अर्ध्या-पाऊण तासात, दोन-तीनदा फिरवून, बाटीला वरून भेगा पडतात. तडकली की काढा आणि तुपात बुडवा. तुपाच्या बाबतीत जयपूरकरांशी वाद घालू नका, ते कधीच ऐकत नाहीत.

आवरताना आधी सिलिंडर बंद करा आणि नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग ग्रिलची बटणं बंद करा. ग्रिल थंड झाला की रेग्युलेटर काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर ते दोरीला बांधलेलं प्लॅस्टिकचं टोपण टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. टोपणाची दोरी तुटलेली असेल तर आधी ती बांधा, कारण गवतात पडलेलं टोपण अंधारात सापडत नाही, आणि ते नसलेला सिलिंडर परतीच्या वाटेवर गाडीत ठेवायचा नाही.